सांगून जायचं

आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक शेजाऱ्याला एकच प्रश्न पडला होता. आजी घरात असताना पाळणाघर कशाला? अहो, पण आजी घरात असते कुठे? आजी, म्हणजे मी, हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत असते, शिलाई मशीनवर. फाटलेल्या चादरींना ठिगळं लावते, उशांचे अभ्रे शिवते, आणि डॉक्टरांच्या कोटांची बटणं जातात तरी कुठे म्हणून कपाळाला हात लावते. मला ती खोली आवडते. धुतलेल्या गरम कपड्यांचा वास आवडतो, हातात येणारा पगार आवडतो, आणि पेन्शनही आता फार लांब नाही. हे मी कोणालाही तोंडावर सांगते.

फक्त सुनेला सांगायची वेळ आली नाही, कारण तिने कधी विचारलंच नाही. ती शहरात बस चालवते. माझा मुलगा बोटीवर आचारी आहे, म्हणजे तो समुद्रात आणि त्याचे सल्ले फोनवर. सुनेची बाळंतपणाची रजा संपत आली होती. वेळेवर हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. पाळणाघर मिळालं नाही तर दोघींपैकी एकीची नोकरी सुटणार, हे उघड होतं. कोणाची, ते आम्ही बोलत नव्हतो. ती गप्प राहायची आणि मला तेच जास्त लागायचं. भांडली असती तर मी जिंकले तरी असते.

ठकीला काखोटीला मारून आम्ही शहर पालथं घातलं. ठकी म्हणजे माझी नात, सात महिन्यांची, सगळं वजन गालांत. पहिल्या ठिकाणी भिंतीभिंतीवर कॅमेरे होते. पैसे ऐकून सून म्हणाली, "आई, एवढे द्यायचे तर मी बस यांच्यासाठीच चालवायची." दुसरं परवडत होतं, पण तिथे पोरं टीव्हीसमोर ओळीने निजवलेली आणि एकही रडत नव्हतं. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. तिसरीकडची बाई म्हणाली, पोट दिसायच्या आधीच नाव घालायला हवं होतं. "लग्नाआधीच आलो असतो, पण नवरा मिळायचा होता," मी म्हणाले. सुनेने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर चटईवाल्या बाई सापडल्या. हे नाव मी ठेवलेलं. एकच मोठी खोली, खिडकीत कुंड्या, जमिनीवर जाड चटई आणि तिच्यावर तीन पोरं. चौथ्याची जागा रिकामी होती. पैसे देऊन सुनेच्या पगारातलं बरंच उरत होतं. बाई म्हणाल्या, "आधी तीन दिवस सकाळी आणून बघा. पोर रमलं तर जागा तुमची, नाहीतर मागे एक जोडपं थांबलंय." मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. "मी कोणाच्या हातातून बाळ काढून घेत नाही. तुम्ही चटईवर ठेवायचं, त्याच्याकडे बघून सांगायचं आणि जायचं. मग मी उचलते."

मला हसू आलं. सात महिन्यांच्या पोरीला सांगायचं काय, दुपारी बैठक आहे म्हणून?

पहिल्या दिवशी सुनेने ठकीला चटईवर ठेवलं. मी पर्समधल्या किल्ल्या काढून खुळखुळवल्या. ठकीने मान वळवली तशी मी सुनेचं कोपर धरलं. "चल, आता सटक." आमच्याकडे असंच करतात. पोराचं लक्ष दुसरीकडे लावायचं आणि काढता पाय घ्यायचा. आम्ही फाटकापर्यंत पोचलो तर मागून हाक आली.

"परत या."

सुनेला त्यांनी पुन्हा चटईजवळ बसवलं. "चोरून जायचं नाही. एकदा चोरून गेलात की ते दर वेळी मान वळवायला घाबरतं." सून ठकीच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मी संध्याकाळी येते हं," आणि उठली. ठकीने भोकाड पसरलं. सुनेचेही डोळे भरून वाहत होते, पण ती थांबली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असलं कसलं काळीज, मी मनात म्हटलं. दोघींचंही.

दुसऱ्या दिवशी सुनेने सांगितलं आणि ती गेली. मी मात्र कुंड्यांच्या मागे लपून खिडकीतून बघत राहिले. ठकी चमचा चघळत बसली होती, बरी होती. तेवढ्यात तिला माझं डोकं दिसलं आणि तिने जो सूर लावला, त्याने बाकीची तिघंही जागी झाली.

बाई बाहेर आल्या. माझ्यापेक्षा त्यांचे चार केस जास्तच पांढरे, तरी मला म्हणाल्या, "आजी, पोर रमतंय. तुम्ही रमत नाही. उद्याही असंच झालं तर मी जागा देऊ शकणार नाही."

घरी हे मी सुनेला सांगितलं नाही. पण संध्याकाळी डेपोतून तिला फोन आला. एक ड्रायव्हर आजारी पडला होता; रजा संपायला एक दिवस होता, तरी उद्या सकाळची पहिली गाडी तिची. म्हणजे ठकीला न्यायचं माझ्याकडे आलं. सुनेची नोकरी आता माझ्या हातात होती, आणि हात भरवशाचे नव्हते.

पहाटे ती खाकी कपडे घालून निघाली आणि जाता जाता ठकीला हलवायला लागली.

"अगं, झोपलेल्या पोरीला उठवतेस? जा ना गुपचूप."

"नाही आई. सांगून जाते." तिने ठकीला जागं केलं, तिचं रडणं ऐकून घेतलं, सांगितलं आणि गेली. पोरीला पुन्हा निजवताना माझ्या नाकी नऊ आले. वर मनात आलं की, मी किती वर्षं या घरातल्या माणसांना न सांगता दाराबाहेर पडतेय.

सून पहाटेच ठकीला सांगून गेलीय, एवढं बाईंच्या कानावर घातलं आणि चटईजवळ मी बराच वेळ तिला छातीशी धरून उभी राहिले. बाईंनी हात पुढे केला नाही. शेवटी मी खाली बसले, ठकीला ठेवलं. किल्ल्या पर्समध्येच राहू दिल्या.

"हे बघ ठकी, आजीला कामावर जायचंय. कोणी जा म्हटलेलं नाही, मलाच जायचंय. मला ते काम आवडतं. तू पण आवडतेस. संध्याकाळी येते हं."

तिचा खालचा ओठ बाहेर आला. मी उठले. दारापर्यंत तिचं रडणं माझ्यामागे येत होतं आणि मी वळून पाहिलं नाही. दिवसभर मशीनची सुई कापडापेक्षा माझ्या बोटालाच जास्त शोधत होती.

सुटी झाल्यावर मी जवळजवळ पळतच गेले. वाटलं होतं, पोर रुसलेलं असेल, नाहीतर मला बघून झेपावेल. तसं काही झालं नाही. चटईवर बसलेल्या ठकीने मला पाहिलं, तोंडभर हसली, आणि मग माझ्या पाठीमागे, दाराकडे बघत राहिली.

"काय बघतेय ती?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "सकाळी दोघी सांगून गेल्यात ना? एक आली. आता दुसरीची वाट बघतेय. जागा तुमची आहे, आजी."

मी चपला काढल्या, ठकीच्या शेजारी चटईवर बसले आणि तिच्याबरोबर दाराकडे बघत राहिले.