लांब दांड्याचा चमचा

एकोणीसशे एकाहत्तर साल. जळिताच्या वॉर्डात माझी नर्स म्हणून नवी नेमणूक झाली होती, आणि त्या दुपारी लाँड्रीवाला आपल्या बायकोला भात भरवत होता. भरवत कसला, भट्टीत कोळसा टाकावा तसा टाकत होता. नाकावर अत्तराचा रुमाल, मान भिंतीकडे, हातात दुकानातला लांब दांड्याचा चमचा. चमचा कधी तिच्या दातांवर आपटे, कधी गालावर. शितं गळ्याच्या पट्टीवर पडत.

पुवाची मला सवय होत होती. सडक्या कातडीचा तो गोडसर वास केसांत बसायचा. आई मला अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात घेत नसे. पण त्या रुमालाची सवय कधी झाली नाही. आजही अत्तराचा वास आला की मळमळतं.

दुकानात कपडे कडक करायच्या उकळत्या खळीचं पातेलं तिच्यावर कलंडलं होतं. खळ चिकटते, म्हणून जखम खोल. गळा, छाती, दोन्ही हात. मांडीची कातडी काढून गळ्यावर लावायची ठरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगात ताकद नसेल तर लावलेली कातडी धरायची नाही, आणि मग बाई हाताला लागायची नाही. आणि नेमकं तिनं खाणं सोडलं. भूक नाही, एवढंच म्हणायची.

तिच्या सासूबाई दाराच्या आत पाऊल टाकत नसत. नवऱ्यानं मला व्हरांड्यात गाठून विचारलं, हा वास घरीही येणार का? खाली दुकान, वर घर, गिऱ्हाइकं येतात. गळा कसा दिसेल, तेही विचारलं. दुखतं का, ते विचारलं नाही.

वॉर्डाच्या मुख्य नर्सला पेशंट मागून 'कारलं सिस्टर' म्हणायचे. तिला ते माहीत होतं. "कारलं निदान पोटाला बरं," म्हणायची.

एके दिवशी लाँड्रीवाला कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन आला. त्यात अत्तर मिसळलेलं. आपण फार मायेचं काही करतोय अशा चेहऱ्यानं त्यानं तो बायकोच्या पट्ट्यांवर मारला. अत्तर आत झिरपलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं.

कारलं सिस्टरनं फवारा हिसकावून घेतला. आता ही त्याला सोलणार, असं सगळ्यांना वाटलं. ती खाटेकडे वळली. पट्ट्या भिजवून सोडवल्या, जखम धुतली, नव्या पट्ट्या बांधल्या. हात स्वच्छ धुऊन स्वतःचा डबा मागवला आणि खाटेला स्टूल चिकटवून तिथंच जेवायला बसली.

"मला एवढं संपत नाही. घेतेस थोडं?"

"तुम्हाला वास येत नाही, सिस्टर?"

"येतो की. घाण येतो. पण भूकही लागलीय."

ती हसली. गळा ओढला गेला, कळ आली, तरी हसली. आणि सिस्टरनं पुढं केलेल्या घासाला तोंड उघडलं.

"सिस्टर, अहो… हातानं?" नवरा रुमालातून म्हणाला.

"तुमचा चमचा घेऊन जा. खळ ढवळायला लागेल."

पुढं रोज दुपारी दोघी एकाच डब्यात जेवल्या. कातडी धरली.

घरी सोडायच्या दिवशी नवऱ्यानं टॅक्सी आणली. पुढं सासूबाई बसलेल्या. मागच्या सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लास्टिक अंथरलेलं. ती दार धरून बराच वेळ ते बघत राहिली. मग वळून कारलं सिस्टरला म्हणाली, "माझ्या भावाच्या गावची बस कुठून सुटते?"

लाँड्रीवाल्यानं वर्षाच्या आत दुसरी आणली. एका दुकानाची दोन झाली. अशांचं पुढं वाईट होतं म्हणतात; याचं काही वाईट झालं नाही. सासूबाई नव्या सुनेच्या हातून दोन वेळचं गरम खाऊन गेल्या. कारलं सिस्टर निवृत्त होऊन भाचीकडे राहिली, एका दुपारी झोपेतच गेली. मी त्याच वॉर्डातून निवृत्त झाले.

त्याच्या पहिल्या बायकोनं भावाच्या गावी कोर्टासमोर चहाचं दुकान टाकलं. उजवं कोपर शेवटपर्यंत सरळ झालं नाही. ब्लाउजच्या बाह्या मात्र आखूडच शिवून घ्यायची. कुणा गिऱ्हाइकानं तिचा हात बघून तोंड फिरवलं, तर ती त्याच्यासमोरचा कप उचलायची आणि मागं थांबलेल्याला द्यायची.