न झालेला सामना

मॉरीन हेस्केथने टेबलावरची कच्ची छपाई स्वतःकडे ओढली, शेवटची पानं उघडली आणि खेळाडूंच्या यादीत नवऱ्याचं नाव शोधत, बोट फिरवत ती खाली आली. बोट थांबलं. चष्मा पुसून तिने पुन्हा एकदा पाहिलं.

"क्लिफर्ड, या पुस्तकातही आमचा डेनिस नाहीच."

"नाही," क्लिफर्ड एन्सको म्हणाला आणि किटलीकडे वळला.

ब्रॅकनशॉ रोव्हर्स या फुटबॉल क्लबला यंदा शंभर वर्षं पुरी होत होती. लीगच्या चौथ्या विभागातून क्लब कधी वर गेला नाही, खाली मात्र दोनदा गेला. एवढ्याशा कर्तबगारीचा इतिहास लिहायला क्लिफर्डने अकरा वर्षं घालवली होती. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडखालची ही ओलसर खोली हेच त्याचं घर. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे उशीर झाला तर विचारणारंही कोणी नव्हतं. पण कोण किती सामने खेळला आणि कोणी किती गोल केले, यात त्याची चूक काढणारा माणूस गावात अजून जन्माला यायचा होता.

"तो खेळला होता," मॉरीन म्हणाली. "गोलही केला होता."

"धुक्यामुळे बंद पडलेला सामना होता तो. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला पंचांनी थांबवला. असा सामना झालाच नाही असं धरतात. गोल नाही, खेळाडूही नाही. हा काही माझ्या घरचा नियम नाही, साऱ्या देशात असंच मोजतात."

"आणि पुन्हा खेळवला तेव्हा त्याचा घोटा मोडलेला."

"ठाऊक आहे मला. त्यानंतर त्याला कोणी घेतलंच नाही."

मॉरीनने पानं मिटली. ती भांडायला आली होती, पण आवाज काही चढेना.

"मागचं पुस्तक निघालं तेव्हा पबमध्ये सगळ्यांसमोर ही यादी वाचून दाखवली त्या मेल्यांनी. म्हणे, 'डेनिस, आता तरी खरं बोल, तिकीट काढूनच आत गेला होतास ना?' तोही हसला त्यांच्यात. घरी येऊन जेवला नाही."

क्लिफर्डने कपात साखर घातली. एकदा घातली आहे हे विसरून पुन्हा घातली.

"आता वृद्धाश्रमात आहे तो," ती म्हणाली. "माझं नाव कधी सापडतं, कधी नाही. गेल्या आठवड्यात मला म्हणाला, 'मॉरीन, मी खरंच खेळलो होतो का गं? की मीच रचलं हे सगळं?' मी म्हटलं, खेळलास की. तर म्हणतो, 'तुला काय माहीत, तू होतीस का तिथे?' आणि नव्हतेच हो मी. आमची ओळख नंतरची. म्हणून म्हटलं, छापील नाव असतं तर त्याच्या हातात ठेवलं असतं."

आपण पाहिलेल्या प्रत्येक सामन्याची नोंद क्लिफर्ड स्वतःच्या वहीत ठेवत असे. दोन हजारांवर नोंदी होत्या. त्यातही तो सामना नव्हता. दुसऱ्याला लावलेला नियम त्याने आधी स्वतःला लावला होता.

"हेडर नव्हता तो," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"डेनिसचा गोल. डोक्याने मारला म्हणून तो गावभर सांगतो ना? डोक्याचा काडीचा संबंध नव्हता. कोपऱ्यातून चेंडू आला, त्यांचा एक जण घसरला आणि चेंडू डेनिसच्या गुडघ्यावर आपटून आत गेला. हा तर भलतीकडेच बघत होता."

मॉरीनने हातातला कप खाली ठेवला.

"हे त्याने फक्त मला सांगितलंय. तेही शपथ घालून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी गोलच्या मागेच उभा होतो. धुकं इतकं दाट होतं की पलीकडच्यांना गोल झाल्याचं नुसतं ऐकू आलं. पाहिला असेल तो आम्ही शंभरएक जणांनी."

"आणि सत्तावन्न वर्षं मूग गिळून बसलात? एकदा त्या पबमध्ये येऊन बोलला असतात तर!"

"बोलायला हवं होतं."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने टेबलाची कड चाचपली.

"माझ्याबरोबर जून होती. जून पार्टिंग्टन. तिला फुटबॉल आवडायचा नाही, माझ्यासाठी आली होती. गोल झाला तेव्हा तिने माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही. मी तिला लग्नाचं विचारणार होतो. तेवढ्यात सामना थांबवल्याची शिटी वाजली."

"मग?"

"मग मी म्हटलं, सामना पुन्हा व्हायचाच आहे. तेव्हा विचारू."

मॉरीन हसली नाही.

"त्या हिवाळ्यात मैदानं किती दिवस गोठली होती, तुम्हाला आठवत असेल. सामना झाला मार्चमध्ये. ती फेब्रुवारीतच बहिणीकडे कॅनडाला निघून गेली. मी तिकिटं दोन काढली होती. तो धुक्यातला सामना झालाच नाही असं धरतात, ते मला बरं वाटायचं. त्याच्याविषयी बोलायचं म्हटलं की ती आठवते, बाई. अजून आठवते."

बाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं.

"पुस्तकाचं जाऊ द्या," मॉरीन म्हणाली. "तुम्ही येऊन त्याला सांगाल का? तुमचं पटेल त्याला. रविवारी दोन वाजता भेटू देतात."

"येतो की. रविवारी येतो."

तिने मान डोलावली आणि ती कोटाची बटणं लावू लागली. क्लिफर्ड तिच्याकडे पाहत राहिला. मग उठून त्याने खुंटीवरची टोपी काढली.

"आज नाही भेटू देत?"

"आजही देतात, पण साडेतीनपर्यंतच. आणि बस आत्ताच गेली. पुढची अर्ध्या तासाने आहे."

"मग चालतच निघू," क्लिफर्ड म्हणाला, आणि चहा तसाच टाकून त्याने तिच्यासाठी दार उघडलं.