घोरण्याची प्रार्थना

गालाला साबणाचा फेस, मान मागे टेकलेली आणि वस्तरा कानाच्या पाळीखाली, अशा अवस्थेत पास्टरांनी स्वतःचं घोरणं ऐकलं.

क्षणभर त्यांना वाटलं, आपला डोळा लागला. पण समोरच्या आरशात डोळे टक्क उघडे दिसत होते. घोरणं येत होतं ते मागच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून. एक घर्रर्र, मग नाचाचा धाडधाड ठेका, पुन्हा घर्रर्र, पुन्हा ठेका. आणि मध्येच त्यांचाच भारदस्त आवाज : ‘देवा, बाबांचं घोरणं परत सुरू कर.’

“हलू नका, पास्टरसाहेब, कापेल,” न्हावी म्हणाला. तो भलताच खुशीत होता. “तुम्ही तर एकदम फेमस झालात! परवा मेहुण्यानं पाठवलं मला. मी म्हटलं, अरे, या माणसाची दाढी दर शनिवारी मीच करतो!”

“कुणी केलं हे?”

“कुणी म्हणजे? सगळेच करतायत. एकानं मांजराला लावलंय. मांजर झोपलंय आणि आवाज तुमचा. काय जमलंय म्हणून सांगू!”

बाकावरचं गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून म्हणालं, “काका, एकदा करून दाखवा ना. समोरासमोर.”

एकाच गालाची दाढी करून घरी जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून पास्टर उरलेली दाढी होईपर्यंत दात घट्ट मिटून बसले. मग उठले आणि तरातरा चालत सुटले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. अडतीस वर्षं पाळकाचं काम केलं, किती जणांची लग्नं लावली, किती जणांना मूठमाती दिली, आणि शेवटी जगानं आपल्यातलं काय उचललं, तर घोरणं! तेही मांजरासाठी!

त्यांच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. ज्याला मंडळीकडून प्रार्थना हवी असेल, त्याने बिननावाची चिठ्ठी त्यात टाकायची. प्रवचन झालं की पास्टर त्या एकेक वाचायचे आणि सगळे मिळून आमेन म्हणायचे. मुलंही चिठ्ठ्या टाकत. गणिताच्या बाईंना ताप येऊ दे, पण थोडाच. भावाचे दात लवकर पडू देत. मुलांच्या चिठ्ठ्या पास्टर शेवटी वाचायचे, जेवणानंतर गोड खावं तसं. दोन रविवारांपूर्वी तशीच ही घोरण्याची चिठ्ठी निघाली होती आणि सारं चर्च खो खो हसलं होतं.

घरात शिरताच त्यांनी मुलीला हाक मारली. ती एका जाहिरातीच्या कंपनीत कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी चर्चचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकायची.

“हा तमाशा तू मांडलास?”

“बसा आधी, पप्पा. कानामागे फेस राहिलाय.”

“फेस गेला खड्ड्यात! मुलाबाळांची प्रार्थना नाचायला लावायची? तुमच्या या मोबाइलवाल्यांना काही पवित्र म्हणून उरलंय का नाही? उद्या कुणी मयताला रडेल, त्यालाही ठेका लावाल!”

“ठेका मी नाही लावला. मी आपला व्हिडिओ टाकला होता, साधा. गोड होता म्हणून. पुढे लोकांनी काय केलं, ते माझ्या हातात आहे का?”

“काढून टाक.”

“कालच काढला. पण लोकांनी उतरवून घेतलाय, आता तो फिरणारच.” मग आवाज न चढवता ती म्हणाली, “आणि पप्पा, घोरलात तुम्ही. मी नाही.”

पास्टरांच्या बायकोने पदराने त्यांच्या कानामागचा फेस पुसला. “दाखव गं त्यांना,” ती म्हणाली. “एकदा बघू दे.”

मुलीने मूळ व्हिडिओ लावला. ना ठेका, ना मांजर. नुसते पास्टर, व्यासपीठावर. त्यांनी चिठ्ठी उघडली आणि वाचायच्या आधीच मिश्कील हसले. मग वाचली. मग थांबले, भुवया उंचावल्या आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांवर नजर फिरवली. हशा पुरता पिकल्यावर माइकला तोंड लावून घर्रर्र केलं. हशा ओसरायला लागला तसं पुन्हा एकदा, आधीपेक्षा लांबलचक. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून चिठ्ठी उंच धरून म्हणाले, “बघा, हिरव्या स्केचपेनानं लिहिलीय, खाली फूलसुद्धा काढलंय!”

“टीव्हीवरच्या त्या विनोदी कार्यक्रमातला तो जाड्या थांबतो ना,” बायको म्हणाली, “अगदी तस्सेच थांबलात.”

हे त्यांना झोंबलं, कारण ते खरं होतं. तो कार्यक्रम दोघं रोज बघत. बायको हसत असे आणि पास्टर, त्यांचं त्यांनाही नकळत, शिकत असत. कुठे थांबायचं, किती थांबायचं, दुसऱ्यांदा कधी करायचं. असं केलं की प्रवचनाला लोक जागे राहतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यात त्यांना गैर काही वाटलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा एकदा व्हिडिओ बघितला, या वेळी स्वतःकडे न बघता. कॅमेरा मागे होता. बाकांवर पाठमोरी डोकी गदगदा हलत होती. तिसऱ्या ओळीत मात्र तीन डोकी हलत नव्हती. एक बाईचं, एक पुरुषाचं आणि मधे एक छोटं, दोन वेण्या घातलेलं.

ती गोटी होती. वय वर्षं आठ, बुटकी, गुबगुबीत, एका जागी म्हणून न ठरणारी. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना स्वतः पास्टरच शिकवायचे आणि हिरव्या स्केचपेनाशिवाय दुसऱ्या कशानेही न लिहिणारी वर्गात ती एकटीच होती, हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. व्यासपीठावर ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या मात्र आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गोटी शाळेत आली नाही. तिच्या रिकाम्या जागेकडे बघून दोन पोरांनी हळूच घर्रर्र केलं आणि बाकीची तोंड दाबून हसली.

“कशाला हसताय?”

“आमच्या रोजच्या शाळेत सगळेच करतात,” एक मुलगी म्हणाली. “गोटी वर्गात आली की घोरायचं, असा खेळ आहे.”

“कुणी काढला हा खेळ?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यातलं एक धिटुकलं म्हणालं, “तुम्हीच ना?”

पास्टर त्यांच्यावर रागावले असते. रागावण्याइतकं होतंही. पण कुठल्या तोंडाने?

दुपारी ते गोटीच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मधे प्लायवूडची भिंत. दार तिच्या बाबांनी उघडलं. हा माणूस छापखान्यात मशीनवर होता आणि चर्चची गीतपत्रकंही तोच छापून आणायचा. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

“या, पास्टरसाहेब. हिची आई कामावर गेलीय. चहा टाकतो.”

“चहा नको. गोटीला भेटायला आलोय.”

गोटी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पास्टर खाली, चटईवर बसले. गुडघे करकरले. मुलांशी बोलताना नेहमी त्यांच्यापेक्षा खाली बसावं, हा त्यांचा जुना नेम होता.

“गोटी, माझं चुकलं. मी तुझी चिठ्ठी नीट वाचली नाही.”

गोटी नखाने भिंत खरवडत राहिली.

“मला वाटलं, गंमत आहे.”

गोटी गर्रकन वळली. चेहरा लाल झालेला. “गंमत कशी? गंमत असली तर मी पेटीत टाकेन का? पेटी काय गमतीची आहे? तुम्हीच सांगितलं होतं, मनापासून पाहिजे ते लिहा. मी मनापासून लिहिलं आणि तुम्ही तोंडानं घाणेरडा आवाज काढला! दोनदा काढला!”

“गोटी,” बाबा दारातून म्हणाले, “मोठ्यांशी असं बोलतात?”

“बोलू दे,” पास्टर म्हणाले.

“बाबा आधी घोरायचे,” ती म्हणाली. “या भिंतीतून ऐकू यायचं. छापखाना बंद झाला तेव्हापासून नाही येत. घोरत नाहीत म्हणजे झोपत नाहीत. पाणी पितात, मग बसतात, मग परत पाणी पितात. मला सगळं ऐकू येतं. मला वाटलं, देवानं घोरणं सुरू केलं म्हणजे झोप येईल.”

दारात उभ्या असलेल्या माणसाने चौकटीला हात टेकला. छापखाना चार महिन्यांपूर्वी बंद झाला होता. मंडळीत त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, गीतपत्रकं बाहेरून छापून आणत होता. रात्री आपण जागे असतो हे पोरीला कळतंय, याचाही त्याला पत्ता नव्हता.

“आता देव ऐकणारच नाही,” गोटी म्हणाली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते आलं म्हणून ती आणखी चिडली. “सगळे हसले. त्यालाही वाटलं असेल, ही चेष्टा करतेय.”

पास्टरांकडे अशा वेळची उत्तरं तयार असत. “देव हसला नाही, बाळा,” ते म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर हसत होतात. तुमचं लक्ष कुठे होतं त्याच्याकडे?”

पास्टर चटईवरून थोडे पुढे सरकले.

“मग काय करू सांग,” त्यांनी विचारलं.

“परत वाचा. तिथेच, सगळ्यांसमोर. नीट.”

पास्टरांनी वर बघितलं. ती चिठ्ठी पुन्हा वाचणं म्हणजे या माणसाच्या घरची गोष्ट पुन्हा चव्हाट्यावर. “तुमची हरकत असेल तर मी वाचणार नाही,” ते त्याला म्हणाले. “इथेच, या खोलीत गुडघे टेकून वाचेन.”

गोटीचे बाबा आत येऊन मुलीशेजारी पलंगावर बसले.

“वाचा,” ते म्हणाले. “लोकांना कळलंय ते कळलंच आहे. फक्त चुकीचं कळलंय.”

पुढच्या रविवारी चर्च गच्च भरलं. घोरणाऱ्या पास्टरांना बघायला नवे चेहरे आले होते, काही जण मोबाइल हातात धरूनच बसले होते. चर्चच्या कमिटीचे चिटणीस हात चोळत मागच्या खोलीत आले.

“पास्टरसाहेब, एवढी गर्दी कधी बघितली होती? आज एखादी खुसखुशीत चिठ्ठी निघू द्या. नसेल तर बनवू या हो, कोण विचारतंय?”

“काय बनवू या?” पास्टरांचा आवाज इतका वाढला की बाहेर हार्मोनियमवाल्याचा सूर चुकला. “प्रार्थना बनवू या? चिटणीस, तुमची बायको आजारी होती तेव्हा तीन महिने तुमची चिठ्ठी मी वाचली. तीही रंगवून वाचायला हवी होती का?”

चिटणीसांचं तोंड एवढंसं झालं. “तसं नव्हतं म्हणायचं मला,” ते पुटपुटले आणि बाहेर गेले.

प्रवचन झालं. पास्टरांनी गोटीची चिठ्ठी हातात घेतली, पण उंच धरली नाही.

“देवा, बाबांचं घोरणं परत सुरू कर.”

हशा फुटला. मागून कुणीतरी झकास घोरून दाखवलं, त्यावर टाळ्या. मोबाइल वर झाले. पास्टर थांबले. गोंगाट करणाऱ्या वर्गापुढे मास्तर थांबतो तसे, हात बाजूला, चेहरा कोरा. ते न हसल्यामुळे पुढचे बाक आधी गप्प झाले, मग मधले. मागच्यांना जरा वेळ लागला. एकाने पुन्हा घोरून बघितलं, पण त्याच्या बरोबर कुणी हसलं नाही. मोबाइल एकेक करून खाली आले.

मग पास्टर म्हणाले, “एका घरात एक माणूस चार महिने रात्रीचा झोपलेला नाही. भिंतीपलीकडे एक मूल त्याच्या घोरण्याची वाट बघत जागं असतं. ते मूल आपल्याजवळ मदत मागायला आलं आणि मी त्याची नक्कल केली. तुम्ही हसलात, कारण मी हसवलं. मला त्याची शरम वाटते. तुम्हाला वाटते की नाही, तुमचं तुम्ही बघा.”

आणि त्यांनी चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचली, सावकाश.

नवख्यांतले चार-पाच जण तोंड वाकडं करून उठले आणि बाहेर पडले. बाकाचे आवाज झाले, दार करकरलं. ते मिटल्यावर तिसऱ्या ओळीतून एका पुरुषाने आमेन म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याच्या शेजारून बाईने म्हटलं. मग सगळ्यांनी.

उपासना संपल्यावर लोक गोटीच्या बाबांभोवती जमले. कुणी दुसऱ्या छापखान्याचं नाव सांगत होतं, कुणी नुसताच हात हातात घेऊन उभं होतं. गोटी त्या घोळक्यातून वाट काढत व्यासपीठापाशी आली.

“जमलं का आज?” पास्टरांनी वाकून विचारलं.

“आज जमलं,” ती म्हणाली. “पण पहिल्याच वेळी जमायला पाहिजे होतं.”

“हो. पाहिजे होतं.”

“चिठ्ठी द्या.”

त्यांनी दिली. तिने ती नीट चौघडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवली.

“पेटीत नाही टाकत?”

“नाही,” गोटी म्हणाली. “आता मी देवाला परस्परच सांगणार आहे.”

हेच तर पास्टर अडतीस वर्षं मुलांना शिकवत आले होते, त्यामुळे त्यांना तक्रार करायला जागा नव्हती. ती धावत आईबाबांकडे गेली आणि ते व्यासपीठाच्या पायरीवर बसून, पेटीतल्या उरलेल्या चिठ्ठ्या एकेक उघडून, पहिल्यापासून मनाशी वाचायला लागले.