तंबाखूच्या डबीतली गोळी

मी बोलून राहिली ती पांढुर्ण्याच्या यशवंतरावांची डबी. मला दोन तोंडं, एकात तंबाखू, दुसऱ्यात चुना. त्यांच्या बंडीच्या खिशात माझा थाट काय वर्णावा! भांडायला आलेला माणूसही आधी चिमूट मागायचा, मग भांडायचं विसरायचा.

मग त्यांची सून इंदू आजारी पडली. गळा सुजला, अंग जड झालं, भर उन्हाळ्यात तिला थंडी वाजे. नागपूरच्या डॉक्टरांनी थायरॉइड सांगितलं आणि रोजच्या गोळ्या दिल्या. यशवंतरावांनी तंबाखू सोडली, मला घासूनपुसून सुनेच्या हाती दिलं.

"घे बेटा, यात गोळ्या ठेव. पर्समध्ये भुगा होते."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. इंदू सौंसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, तीही अजून पक्की न झालेली. तिचं सारं भांडवल आवाजाचं, आणि तोच घोगरा होऊन राहिला. गोळ्या चालू होत्या, पण फरक कवडीचा नाही. संत्र्याचे व्यापारी दिल्लीचा ट्रंककॉल मागायचे आणि विचारायचे, "कोण दादा बोलून राहिले?" ती तेवढा नंबर लावून द्यायची.

एक दिवस सुपरवायझर भगवंतराव म्हणाले, "बाई, छिंदवाड्याहून साहेब येऊन राहिले तुमचा आवाज ऐकाले. पक्कं करायचं की घरी बसवायचं, ते ठरवतील. माह्या हाती काही नाही."

त्या दिवसापासून इंदूची सासू पंचफुलाबाई जास्तच जपू लागल्या. त्यांच्या घरी चहा घेतल्याबिगर कोणी उंबरा ओलांडायचा नाही, अपशकुन होतो. पहाटेच्या बसची घाई, म्हणून सासू कपबशी धरून उभी, आणि इंदू माझं झाकण उघडून गोळी चहाच्या घोटासोबत गिळायची. पहिल्या गोळीपासून रोज असंच चालायचं.

शेवटी सासूबाई स्वतःच तिला घेऊन नागपूरला गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?"

"मीच देतो ना साहेब. दाट दुधाच्या चहासंग," पंचफुलाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"तिथंच घोटाळा आहे. दुधाच्या चहानं ही गोळी अंगी लागत नाही. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची. चहा मागाहून."

परतीच्या गाडीत नरखेड स्टेशन आलं. सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मीच तुह्या आवाजाच्या आड आली, इंदे."

"आई, तुम्हाले काय मालूम होतं?" इंदू म्हणाली, आणि तीही रडली.

आता पंचफुलाबाई पाण्याचा पेला देतात. पाणी पिऊन निघणंबी शकुनच, असं स्वतःच ठरवून टाकलं त्यांनी. चहा बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून सोबत देतात. पण डॉक्टर म्हणाले होते, आवाज सुधारायला महिने लागतील. साहेबाला कुठे तेवढा धीर?

आज ते छिंदवाड्याचे साहेब आलेत. कानाला हेडफोन लावून इंदूच्या शेजारी बसलेत. मी तिच्या डाव्या मुठीत आहे. आवाज थोडा मोकळा झालाय, खरंच झालाय, पण अजून जाडाच लागतो.

बोर्डावर दिवा लागला, म्हणजे कोणाचा तरी फोन आला. बाबांनो, तिकडून जे कोणी बोलत असाल, तुमच्या पाया पडते. आवाज ऐकून हसू नका, फोन ठेवू नका. तुमचा नंबर सांगा, आणि तिला नीट बोलू द्या.