हिरवा आहे ना?

मक्याने भरलेले पंधरा बार्ज, म्हणजे बिनइंजिनाच्या सपाट मालनौका, तारांनी एकमेकांना आवळलेले. मागून त्यांना ढकलणारी बोट, आणि बोटीच्या माडीवर सुकाणूशी एल्डन. त्याच्यापासून हजार फूट पुढे, पार टोकावर, डार्ला वॉकीटॉकी घेऊन उभी. मिसिसिपीवर रीतच ही. पुढच्याने अंतर सांगत राहायचं, मागच्याने त्यावर हाकायचं. पुढच्याने गप्प म्हणून बसायचं नाही.

समोर धरण. उजव्या काठाला लॉक, म्हणजे बोटी खालच्या पाण्यात उतरवायचा हौद, आणि त्याच्याकडे नेणारी लांब भिंत. डावीकडे धरणाचे दरवाजे सताड उघडे, आणि नदीची सगळी ओढ तिकडे.

"लॉकपर्यंत चारशे फूट. भिंतीपासून वीस," डार्ला म्हणाली.

"लॉकचा दिवा हिरवा आहे ना, पोरी?"

डार्लाने मागे वळून माडीकडे पाहिलं. तो दिवा माडीवरून लांबूनच दिसतो. तीस वर्षं नदीवर काढलेला माणूस असं विचारतोय, म्हणजे ह्याला दिसत नाहीये. मेले मी, ती मनात म्हणाली.

"हिरवा. एल्डन, तुम्हाला..."

"अंतर सांग."

"पुढे तीनशे. भिंतीपासून तीस. आता चाळीस. टोक धरणाकडे ओढलं जातंय."

उडी मारायची तर कुठे, दरवाज्यांच्या तोंडात? भीतीने जीभ टाळ्याला चिकटत होती, तरी ती बोलत राहिली. मागे इंजिनं उलटी घुरघुरली.

"चाळीस. अजून चाळीसच. पस्तीस. वीस. पाच."

लोखंड भिंतीला घासलं. तिने दोर खुंटाला टाकला, तो दुसऱ्या खेपेला बसला. सगळं पक्कं बांधून झाल्यावर ती तडक माडीवर गेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. डाव्यापुढे सकाळपासून धुकं."

"आणि दिव्याचं विचारून स्वतःच सापडलात."

"मुद्दाम विचारलं. कुणाला तरी कळायला हवं होतं. सरळ सांगायला तोंड उघडेना."

"मुद्दाम? मी तिथे पुढे उभी असताना?"

त्याला एक ठेवून द्यावी, असं तिला वाटलं. पण बोट बांधून झाली तरी त्याचे हात सुकाणू सोडत नव्हते.

"खाली झोपलेल्या कॅप्टनला उठवते," ती म्हणाली.

"उठव. पण जाताना बोलत राहा, पोरी. गप्प नको बसूस."

डार्ला जिना उतरली आणि तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

"कॅप्टनच्या दारापर्यंत वीस पावलं," ती म्हणाली. "पंधरा. दहा."