अण्णाने निवडलेली डिस्क

माझा मोठा भाऊ नंजुंडस्वामी जन्मापासून आंधळा. मैसूरच्या एका बँकेत तो तेहतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने घरच्या संगणकावर एकच काम धरलं. ओळखीची माणसं त्याच्याकडे येऊन कॉलेजची कन्नड पुस्तकं मोठ्याने वाचत. तो ती रेकॉर्ड करी आणि गावोगावच्या आंधळ्या मुलामुलींना पाठवी. अशी तीनशे चाळीस पुस्तकं झाली होती. त्यांतली साठ एकट्या कमलाक्षम्मांनी वाचलेली. हायस्कूलात कन्नड शिकवायच्या त्या. गेल्या वर्षी वारल्या.

वहिनी लेकीकडे तुमकूरला गेली होती म्हणून मी मंड्याहून चार दिवसांसाठी अण्णाकडे आले होते. सकाळी उप्पिट्टू खाताना त्याने एकदम मला गप्प बसायची खूण केली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं. पलीकडच्या खोलीत संगणकाच्या पोटात काहीतरी टकटक करत होतं, थांबत होतं, पुन्हा करत होतं.

"आतली डिस्क चालली," तो म्हणाला. "आज जाईल, नाहीतर आठ दिवसांनी."

पुस्तकांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. घेऊ, घेऊ म्हणता राहून गेलं होतं. अण्णाने हात धुतले आणि बसला. त्याच्या बोलत्या लॅपटॉपमध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात कमलाक्षम्मांची साठ पुस्तकं उतरवून घेतली आणि संगणक बंद करून टाकला. यात दुपार झाली. शेजारच्या इंजिनिअरला सांगून डिस्क मागवू, असं मी सुचवलं. तो शर्ट बदलत होता.

"वापरणार मी," तो म्हणाला. "मग निवडणारही मीच. लॅपटॉप घे."

रिक्षाने आम्ही बाजारातल्या एका गल्लीत गेलो. दुकानदाराचं नाव रुद्रेश. तिशी-पस्तिशीचा, तोंडाने गोड. त्याने अण्णाकडे एकदा पाहिलं आणि मग सगळं माझ्याशीच बोलायला लागला. सरांना किती मोठी हवी, सर कशासाठी वापरतात. मी म्हटलं, सर इथेच बसलेत, त्यांना विचारा. तरी पुढचा प्रश्न मलाच आला. तेव्हा अण्णाने काउंटरवर दोन बोटं वाजवली, बँकेतल्या पेंगणाऱ्या कारकुनाला जागं करावं तशी.

"साडेपाचशे जीबीचा माल आहे," तो म्हणाला. "वर्षाला पन्नासची भर पडते. दोन टीबी मला पुष्कळ झाली. आता काय काय आहे ते हातात द्या."

रुद्रेशने आधी नव्या पद्धतीची, आत काहीही न फिरणारी डिस्क दिली. ही वेगवान, आवाज अजिबात नाही, आणि मुख्य म्हणजे हातातून पडली तरी काही होत नाही, असं त्याने सांगितलं.

"माझ्या हातून वस्तू पडत नाहीत. डोळसांच्या पडतात," अण्णा म्हणाला. "आणि मुकी डिस्क मला नको. बिघडायच्या आधी ती बोलली पाहिजे. आज सकाळी घरची बोलली म्हणून तर मी इथे आलोय."

मग फिरणाऱ्या डिस्क निघाल्या. एकीत कुलूप लावायची सोय होती. अण्णाने विचारलं की पासवर्ड विचारणारी खिडकी माझा लॅपटॉप वाचून दाखवेल का. रुद्रेशला ते ठाऊक नव्हतं. लावून पाहिलं तर लॅपटॉप त्या खिडकीपुढे गप्पच बसला. ती बाजूला गेली. दुसरीची तार खोबणीत सैल बसत होती. अण्णाने ती अंगठ्याने दोनदा हलवली आणि परत दिली. रुद्रेशचा धीर सुटत चालला होता. त्याने मागच्या कपाटातून एक चकचकीत खोकं काढलं. चार टीबी, आणि तीही दोनच्या निम्म्या किमतीत.

अण्णाने ती हातावर तोलली, लॅपटॉपला जोडली आणि कानाला लावली.

"ही फिरत नाहीये," तो म्हणाला.

रुद्रेश म्हणाला की नव्या मालात आवाज येत नाही. अण्णाने वाद घातला नाही. त्याने साठही पुस्तकं त्या डिस्कवर उतरवायला लावली आणि स्टुलावर बसून राहिला. तासभर लागला. मधल्या वेळात रुद्रेशने मला विचारलं, अम्मा, हे नेहमी असेच का? मी म्हटलं, लहानपणी याहून वाईट होते. अण्णा हसला, पण जागचा उठला नाही.

सगळं उतरलं, असं लॅपटॉपने सांगितलं. अण्णाने पहिलं पुस्तक लावलं, ते वाजलं. तिसावं वाजलं. पंचेचाळिसावं उघडलं आणि नुसती खरखर आली. साठावं उघडलंच नाही.

"तुमची फाइलच खराब असेल, सर," रुद्रेश म्हणाला.

अण्णाने तेच पुस्तक लॅपटॉपवरून लावलं. कमलाक्षम्मांचा खणखणीत आवाज दुकानभर झाला. भूगोल, प्रकरण नववं. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. अण्णाने प्रकरणाचं पहिलं पान पुरं होऊ दिलं.

"यात चार टीबी नाहीत," मग तो म्हणाला. "चौसष्ट जीबीचा तुकडा आहे, वर खोटा आकडा लिहिलाय. जागा भरली की पुढचं सगळं गायब, आणि ही मात्र हो, हो म्हणत राहते."

रुद्रेशने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. ठोक व्यापाऱ्याने मला फसवलं, सर, असं तो हळूच म्हणाला. मला ते खरं वाटलं.

"किती विकल्या?"

"अकरा."

"त्यांचे नंबर आहेत ना बिलांवर?"

 आता रुद्रेश माझ्याकडे नाही, अण्णाकडेच पाहत होता. अण्णा म्हणाला, "त्यांतल्या कुणीतरी आपली लग्नं, बारशी त्यात ठेवून मूळ पुसून टाकलं असेल. तुम्ही फोन करा. मी बसलोय."

रुद्रेशने बिलबुक काढलं आणि फोन लावायला घेतले. दोघांनी शिव्या घातल्या, त्या आम्हालाही ऐकू आल्या. अकरावा फोन झाल्यावर अण्णाने दोन टीबीच्या, साध्या, पक्क्या बिलाच्या दोन डिस्क मागितल्या. दोन्ही कानाला लावल्या, दोन्हींवर साठही पुस्तकं उतरवून शेवटचं वाजवून पाहिलं. ते होईस्तोवर दिवेलागण झाली. रुद्रेशने कॉफी मागवली आणि पहिला पेला अण्णाच्या हातात नेमका ठेवला.

घरची डिस्क आणखी दोन दिवस टिकली. तेवढ्यात सगळं नव्या डिस्कवर उतरलं, अण्णाने शनिवारपर्यंत एकेक पुस्तक तपासलं. तीनशे अडतीस धड निघाली. दोन आधीच गेली होती. एक डिस्क अण्णाकडे राहिली आणि दुसरी माझ्या मंड्याच्या कपाटात आली, कारण दोन्ही एका छपराखाली ठेवणं त्याला पटत नव्हतं.

गेलेल्या दोनांपैकी एक पुस्तक कुणी नवीन वाचक वाचून देणार होता. दुसरं, बालमानसशास्त्राचं, अण्णाने माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, मला जमणार नाही. त्याने माईक माझ्याकडे वळवला. रोज दोन तास, असं सोळा दिवस मी वाचलं. चार दिवसांचा मुक्काम तीन आठवड्यांचा झाला.

"मंड्याला राहून तू 'ह' खायला लागलीस," पहिलं प्रकरण ऐकून अण्णा म्हणाला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.