सगळ्यांची खुर्ची

लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसच्या रुग्णांसाठी नवी खुर्ची करायचं ठरलं, तेव्हा डिझायनर म्हणून नांदेडच्या मुग्धाला बोलावलं. डॉक्टर यज्ञेश हौशी माणूस. खुर्ची सगळ्यांनी मिळून घडवायची, कुणाच्याच सूचनेला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. सिस्टर शिवगंगाला चाकं हवी होती, डॉक्टरांना औषधांचा खण, विश्वस्तांना देणगीदाराच्या नावाची पाटी. नातेवाइकांनी शेजारी टेकायला जागा मागितली. एवढं सगळं एका खुर्चीत मावणार नाही, असं मुग्धानं सांगून पाहिलं. त्यावर, तुम्ही फक्त चित्र सुबक काढून द्या, असं डॉक्टर हसत म्हणाले. मग तिनं बोलणंच सोडलं. बैठकीमागून बैठक झाली. प्रत्येक वेळी चित्र बदलायचं, प्रत्येक वेळी मान डोलवायची. आपण इथं नक्की कशाला आहोत, हे तिला घरीही सांगता येईना.

खुर्ची तयार होऊन आली ती दारातून आत जाईना. आडवी करून कशीबशी नेली. पहिल्यांदा बसल्या चंद्रप्रभाबाई, निवृत्त शिक्षिका. मुग्धा त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसून राहिली. खणामुळं खुर्चीचा हात उंच नि अरुंद झाला होता. सुई टोचलेला हात घसरू नये म्हणून बाई तो दुसऱ्या हातानं धरून होत्या. तासन् तास.

"बाई, त्रास होतोय तर सांगितलं का नाही?"

"सगळ्यांनी एवढं मनापासून केलंय गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नावं कशी ठेवू?"

पुढच्या बैठकीत मुग्धा उभी राहिली. आवाज चढवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"तुमचं सगळ्यांचं म्हणणं खरं आहे. पण बाईंचा हात टेकत नाही. आता काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मी ठरवते. माझं काम तेच आहे."

"चाकं तेवढी काढू नका म्याडम," शिवगंगा म्हणाली. "खुर्च्या वढून वढून कंबर गेली आमची."

नव्या चित्रात मुग्धानं मागची दोन चाकं ठेवली. बाकी सगळं काढलं आणि खुर्चीचा हात रुंद, खाली, मऊ केला. डॉक्टर बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

दुसऱ्या खुर्चीत चंद्रप्रभाबाई हात टेकून चक्क झोपल्या. उद्घाटनाला डॉक्टरांनी सांगितलं, की ही खुर्ची आम्ही सगळ्यांनी मिळून केली. ते खोटंही नव्हतं. मुग्धानं टाळ्या वाजवल्या.

"लई साधी झाली की," शिवगंगा तिला म्हणाली. "अशी पहिल्यांदाच का न्हाई केली?"

मुग्धानं नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टँडची वाट धरली. नांदेडच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं. वाटेतलं अहमदपूर झोपेत कधी गेलं, तिला कळलंच नाही.